सँडहिल्समधल्या एका घरच्या रँचवर

ओमाहात राहणाऱ्या आमच्यासारख्या बहुतेक मराठी लोकांनी पाहिलेलं नेब्रास्का म्हणजे आय-८० हायवेवरून डेन्व्हरला जाताना दोन्ही बाजूंना दिसतो तो मका. पण ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर सँडहिल्समधे आहे, राज्याच्या उत्तर-मध्य भागात, तिथे तिच्या आईवडिलांची आणि आता भावाची गुरांची रँच आहे, आणि दर मे महिन्यात ती म्हणायची की ब्रँडिंगला (वासरांच्या अंगावर मालकीची खूण डागतात त्या दिवशी) या, मुलांना आवडेल. २०२५ ला मेमोरियल डेचा (मे अखेरचा सोमवार, सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी) लाँग वीकेंड जुळला आणि आम्ही तिच्याबरोबर गेलो, मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. माझं माहेर माण तालुक्यातलं, घरी खिलार जनावरं, त्यामुळे गुरं बघायला जायचंय म्हटल्यावर मला आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं.

गुरुवार

हाफ डे टाकून दुपारी निघालो. ग्रँड आयलंडला आय-८० सोडून हायवे २ धरला. इथून पुढे रस्त्याच्या कडेने रेल्वे लाईन आहे आणि वायोमिंगहून कोळसा आणणाऱ्या मालगाड्या, शंभराच्या वर डबे असलेल्या, एकामागून एक जात असतात, मुलगा डबे मोजता मोजता झोपून गेला. ब्रोकन बोला पेट्रोल फुल करून घेतलं (हे सगळ्यांनी करावं, पुढे पंप फार लांब लांब आहेत). अ‍ॅन्सेल्मो गेलं आणि मका संपला. एकदम संपला. शेतं नाहीत, झाडं नाहीत, नुसत्या गवताच्या टेकड्या, एकीमागे एक, आणि मे अखेर असल्यामुळे सगळं ताजं हिरवं.

या टेकड्या खालून सगळ्या वाळूच्या आहेत हे बघताना खरं वाटत नाही. हे खरोखरचे वाळूचे डोंगर आहेत, वाऱ्याने रचलेले, काही काही तर ४०० फूट उंच, आणि वर गवताने धरून ठेवलेत म्हणून जागेवर आहेत. एवढा मोठा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा पृथ्वीच्या पश्चिम गोलार्धात दुसरा नाही, साधारण ५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सहावा हिस्सा धरा.

मलन हे हुकर काउंटीतलं एकमेव गाव. तिथून उत्तरेला वळलो आणि चेरी काउंटीत शिरलो. ही काउंटी आकाराने जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढी आहे आणि अख्ख्या काउंटीत माणसं साडेपाच हजारांच्या आसपास. एकपदरी डांबरी पट्टी, समोरून कोणी आलं तर दोघांनी अर्धं चाक गवतात घालायचं आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा, ओळख असो नसो. मधेमधे ऑटोगेट लागतात. म्हणजे रस्त्यात खड्डा करून त्यावर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात, गाडी खडखडत जाते पण गुरांचे पाय फसतात म्हणून ती ओलांडत नाहीत, फाटक उघडायला उतरावं लागत नाही.

पोचलो तेव्हा उजेड होता. फोनवरचं घड्याळ एक तास मागे गेलं होतं कारण या भागातूनच टाइम झोनची रेघ जाते, मलन माउंटन टाइमवर आणि पूर्वेकडचं शेजारचं थेडफर्ड सेंट्रलवर. मैत्रिणीचे आईवडील, मी त्यांना आजी-आजोबाच म्हणणार आहे कारण मुलं पहिल्या तासापासून तसंच म्हणायला लागली, दारात उभे होते. आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, आजी थोड्या लहान. मैत्रिणीचा भाऊ आणि वहिनी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या घरात राहतात. मैत्रिणीने गाडीतच सांगून ठेवलं होतं की गुरं किती आणि जमीन किती हे कोणालाही विचारायचं नाही, ते बँकेत पैसे किती असं विचारल्यासारखं धरतात. नवऱ्याने आणि मी ते पाळलं, त्यामुळे तो आकडा इथेही मिळणार नाही.

शुक्रवार

सकाळी सहाला आजोबांबरोबर पिकअपमधे. मला वाटलं होतं की रँचर माणूस सकाळी उठून गुरं बघतो. गुरं बघतातच पण आधी पाणी बघतात. दर कुरणात एक पवनचक्की, तिच्या खाली पत्र्याचा मोठा गोल हौद, आणि हौद भरून वाहिला की बाजूला छोटं तळं. या सगळ्या वाळूच्या खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजल साठा आहे आणि इथे तो इतका वर आहे की टेकड्यांच्या मधल्या सखल जागी पाणी आपोआप जमिनीवर येतं. पाऊस वर्षाला वीस इंचाच्या आसपास, म्हणजे माणपेक्षा फार जास्त नाही, पण एक थेंब वाहून जात नाही, वाळू सगळं पिऊन खाली सोडते. वर माणूस नाही, खाली समुद्र.

उन्हाळ्यात एका गायीला दिवसाला १५ ते २० गॅलन, म्हणजे साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. वारा पडला किंवा पंप बिघडला आणि दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही तर कळप तहानेने मरू शकतो. म्हणून हा फेरा. एका चक्कीचं पाणी बारीक झालं होतं, आजोबांनी चाक थांबवलं, वर चढून नाही, खालच्या दांड्याने, आणि सांगितलं की पंपातली चामड्याची वायसर झिजलीय, पुढच्या आठवड्यात पाइप उपसावा लागेल. काही ठिकाणी आता सोलर पंप बसवलेत. सोलरला देखभाल कमी आणि लांबच्या कुरणात पाणी न्यायला बरं, असं भाऊ म्हणतो. आजोबा त्याला विरोध करत नाहीत, पण पवनचक्कीपाशी गाडी थांबवली की काच खाली करून आधी तिचा आवाज ऐकतात आणि मगच हौदाकडे बघतात.

मग गवत. आजोबा गाडी थांबवून खाली उतरले आणि गुडघ्यावर बसून माझ्या मुलीला गवतं दाखवायला लागले. लिटल ब्लूस्टेम, सँड ब्लूस्टेम, प्रेअरी सँडरीड, नीडल अँड थ्रेड. कुठलं लवकर येतं, कुठलं उशिरा, कुठलं गायी आधी खातात, कुठलं संपलं की कळप हलवायचाच. एका गायीला तिच्या वासरासकट वर्षभराला पंधरा-वीस एकर कुरण लागतं आणि ते सुद्धा फिरवत फिरवत चारलं तरच टिकतं. मला इथे लख्ख कळलं की हे लोक गायी पाळतात हे अर्धंच खरं आहे. ते गवत जपतात. गवत गेलं की वाळू मोकळी होते.

ती मोकळी झालेली पण दाखवली. टेकडीच्या माथ्यावर एक मोठा वाटीसारखा खड्डा, नुसती पांढरी वाळू, याला ब्लोआउट म्हणतात. कुंपणाच्या कोपऱ्यात गुरं रोज उभी राहिली, तेवढं गवत तुडवलं गेलं, वाऱ्याला फट मिळाली की दर वर्षी खड्डा वाढत जातो. आजोबा हिवाळ्यात मुद्दाम त्या खड्ड्यात जुनं वाळलेलं गवत टाकतात आणि गुरांना तिथे खाऊ घालतात, म्हणजे गवत, शेण आणि बी एकत्र तुडवलं जातं आणि दोन-तीन वर्षांत कडा हिरव्या होतात. काही जणांनी जुने टायर टाकलेत. गंमत म्हणजे ब्लोआउट पेनस्टेमन नावाचं एक फुलझाड फक्त अशा उघड्या वाळूतच वाढतं आणि खड्डे कमी होत गेल्यामुळे ते दुर्मिळ झालंय, सरकारच्या धोक्यातल्या यादीत आहे.

नांगर इथे चालला नाही याचा मोठा इतिहास आहे. १९०४ साली किंकेड अ‍ॅक्ट आला आणि एरवी १६० एकर मिळायची तिथे या भागात माणशी ६४० एकर फुकट मिळायला लागली. हजारो कुटुंबं आली, गवत नांगरलं, मका पेरला, वाळू उडाली आणि बहुतेक जण जमीन विकून गेले. आजोबांच्या कुरणात एका ठिकाणी नुसती लायलॅकची झुडपं आहेत, घराचा दगड पण नाही, कोणीतरी बाईने दारात लावलेली ती झुडपं आहेत आणि बाकी सगळं वाळूने परत घेतलं. आजोबा तिथून जाताना गाडी हळू करतात.

दुपारी गुरं गोळा करायचं काम होतं, गायी-वासरं शेजारच्या कुरणातून कोंडवाड्याजवळच्या कुरणात आणायची. घोड्यांवर भाऊ, वहिनी आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा. काळ्या अँगस गायी, मधेच तांबड्या-पांढऱ्या हियरफर्ड. कोणी ओरडत नाही, पळवत नाही. घोडा गायीच्या नेमक्या खांद्याच्या मागे ठेवतात, एक पाऊल पुढे आला की गाय वळते, एक पाऊल मागे घेतला की थांबते. आमच्याकडे माझे चुलते बैलांशी असेच हलक्या आवाजात बोलायचे, जनावराला घाई कळते असं ते म्हणायचे.

रात्री जेवायला चिली, म्हणजे बीफचा तिखट दाट रस्सा, आणि त्याच्याबरोबर सिनमन रोल, हे कॉम्बिनेशन नेब्रास्कात शाळेच्या डब्यापासून आहे. माझ्यासाठी आजींनी राजम्याची वेगळी केली होती, मी बीफ खात नाही हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं आणि त्यावर पुढे एक शब्द चर्चा नाही. जेवल्यावर त्यांनी वह्या काढल्या. शर्टाच्या खिशात मावेल अशी लाल कव्हरची छोटी वही, दर वर्षाची एक, कपाटात ओळीने. दर गायीचा कानातला नंबर, व्याली ती तारीख, कालवड की गोऱ्हा, सोपी व्याली की ओढून काढावं लागलं, वासराला स्वतःहून घेतलं का. एका नोंदीत नुसतं लिहिलेलं, “चांगली आई.” दुसरीत, “कुंपण चढून आली माझ्या अंगावर.” मार्च महिन्यात पहिलारू कालवडींना दर दोन तासांनी रात्रभर बघतात, आजी रात्री दोनची पाळी गेली कित्येक वर्षं करतायत. २०१९ च्या मार्चच्या वादळाची पानं त्यांनी स्वतः उघडली. तो बॉम्ब सायक्लोन, पूर्व नेब्रास्कात आम्ही पूर बघितला होता, इकडे ऐन वितीच्या हंगामात पाऊस, मग बर्फ आणि वारा. वासरं ओली जन्माला आली आणि गारठून गेली, घरातल्या बाथटबमधे कोमट पाण्यात ठेवून काही वाचवली. त्या पानांवर नंबरासमोर नुसत्या आडव्या रेघा आहेत. मुलगी बराच वेळ ती पानं बघत होती, आजींनी तिला वही बंद करायची घाई केली नाही.

शनिवार

ब्रँडिंगचा दिवस. पहाटे पाचच्या आधीच अंधारात दिव्यांची रांग दिसायला लागली, शेजारी घोड्यांचे ट्रेलर घेऊन येत होते. इथे शेजारी म्हणजे दहा, वीस, तीस मैलांवरचे. कोणी कोणाला पैसे देत नाही, सावड आहे सगळी, आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, मे महिनाभर असं चालू असतं आणि कोणाचा कुठला शनिवार हे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. हायस्कूलची पोरं-पोरी, त्यांचे आईवडील, आणि ऐंशीच्या घरातले दोघं जण जे फक्त घोड्यावर बसून फास टाकतात.

उजाडता उजाडता कळप कोंडवाड्यात आणला, मग गायी बाहेर काढल्या आणि वासरं आत राहिली. त्यानंतरचा आवाज मी विसरणार नाही, बाहेर सगळ्या आया हंबरतायत आणि आत सगळी वासरं. मुलाने कानावर हात धरले. गॅसच्या भट्टीत लोखंडी मुद्रा तापत होत्या, लाल करायच्या नसतात, राखेच्या रंगावर आल्या की बरोबर.

काम असं चालतं. घोड्यावरचा माणूस हळूच वासरांच्या घोळक्यात शिरतो, दोरीचा फास मागच्या दोन पायांपुढे टाकतो, वासराने पाय टाकला की उचलतो आणि दोरी खोगिराच्या मुठीला गुंडाळून वासरू भट्टीकडे ओढत आणतो. तिथे दोन जण तयार, एक पुढचा पाय दुमडून मानेवर गुडघा ठेवतो, दुसरा मागे बसून एक पाय ओढून धरतो आणि दुसरा आपल्या बुटाने रेटून धरतो. मग एकदम चार-पाच जण येतात. एक लस टोचतो, एक दुसरी लस टोचतो, गोऱ्हा असेल तर एक जण सुरीने खच्ची करतो, आणि एक मुद्रा लावतो. जेमतेम मिनिट. पिवळा-पांढरा धूर, केस जळल्याचा वास, वासरू ओरडतं, सोडलं की उठून आईकडे धावतं आणि पहिली गोष्ट करतं म्हणजे दूध प्यायला लागतं.

हे बघायला सोपं नाही आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. मुलीने पहिल्या वासराला माझा हात घट्ट धरला होता. तिने सरळ आजोबांनाच विचारलं की कानात बिल्ला आहे तर डागायचं कशाला. आजोबांनी काम थांबवून उत्तर दिलं. बिल्ला पडतो, बिल्ला कापता येतो. हजारो एकरांत कुंपण तुटलं की गुरं मिसळतात आणि चोरी आजही होते. मुद्रा कातडीवर आयुष्यभर राहते. ती राज्याच्या ब्रँड कमिटीकडे नोंदवलेली असते, कुठली खूण आणि अंगावर कुठल्या जागी, दोन्ही मिळून एक, आणि पश्चिमेकडच्या भागात गुरं विकताना इन्स्पेक्टर ती तपासल्याशिवाय व्यवहार होत नाही. त्यांची मुद्रा त्यांच्या आजोबांपासून आलेली आहे, जमिनीसारखी वारसाने मिळते.

लस कशावर म्हणून मी विचारलं तर त्यातला एक रोग आपला फऱ्या निघाला. आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी फऱ्याची लस घ्यायला डॉक्टर गावात यायचे तेव्हा आख्खी आळी जनावरं घेऊन उभी असायची. मुलीला लशीचं काम मिळालं, बर्फाच्या कूलरमधून बाटल्या काढून द्यायच्या आणि ऊन लागू द्यायचं नाही, आणि एक लस तर पावडर-पाणी एकत्र केल्यावर तासाभरात संपवावी लागते म्हणून थोडी थोडीच कालवायची. ती इतकी काटेकोर राहिली की एका मोठ्या काउबॉयने बाटली उन्हात ठेवली तर तिने जाऊन उचलून आणली. मुलाच्या हातात रंगाचा खडू, झालेल्या वासराच्या पाठीवर रेघ. नवरा मुलांच्यात वासरं धरायला गेला, ही वासरं दोनशे पौंडाची असतात, तीन तासांनी त्याचे दंड थरथरत होते आणि चेहरा उजळलेला होता.

फास टाकायला कोण जाणार हे घरमालक ठरवतो आणि तो मान असतो. ऐंशीच्या घरातल्या एकांना आजोबांनी सगळ्यात आधी बोलावलं. त्यांचा घोडा पण म्हातारा. त्यांनी एकही फास वाया घालवला नाही म्हणण्यापेक्षा त्यांनी एकदाही घाई केली नाही, दोरी जणू आपली आपण जमिनीवर उभी राहायची आणि वासरू तिच्यात पाय टाकायचं. कोंडवाड्याच्या कठड्यावर बसलेली सगळी लहान मुलं गप्प होऊन ते बघत होती आणि मी पण.

दुपारी जेवण. शेडमधे लांब टेबलं, रोस्ट बीफ, चीज घातलेले बटाटे, बीन्स, आणि रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड पाय पेस्ट्री किती तरी प्रकारच्या. मी आदल्या रात्री बटाट्याची भाजी करून ठेवली होती आणि सकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात तिला मदतीला घेऊन पुऱ्या तळल्या, त्या पंधरा मिनिटांत गेल्या आणि दोन बायकांनी कृती लिहून घेतली.

जेवताना बोलणं बाजारभावाचं, पावसाचं. २०२५ च्या जानेवारीच्या मोजणीत अमेरिकेत सगळी मिळून ८ कोटी ६७ लाख गुरं भरली, १९५१ नंतरचा सगळ्यात कमी आकडा, त्यामुळे वासरांना भाव जोरात होता. त्यात स्क्रूवर्म माशीच्या (हिच्या अळ्या जिवंत जनावराचं मांस खातात) भीतीने त्याच मे महिन्यात मेक्सिकोची गुरं सीमेवर थांबवली होती. एवढा भाव आहे तर कळप वाढवत का नाहीत असं नवऱ्याने विचारलं. तर भाव असताना कालवड विकायची की ठेवायची हाच सगळ्यात अवघड निर्णय असतो, कारण आज ठेवलेल्या कालवडीचं पहिलं वासरू विकायला दोन-अडीच वर्षं जातात आणि तोवर पाऊस कसा होईल कोण जाणे. २०१२ चा दुष्काळ सगळ्यांच्या बोलण्यात अजून आहे. त्या वर्षी गवत आलंच नाही, चारा मिळेना, आजोबांनी कळपाचा मोठा हिस्सा विकला, तीन पिढ्यांनी निवडून तयार केलेल्या गायी. मी त्यांना सांगितलं की त्याच वर्षी आमच्या माणमधे म्हसवडला चारा छावणी लागली होती आणि माझे चुलते जनावरांबरोबर तिथेच राहायला गेले होते, महिनोन्महिने. छावणी म्हणजे काय, चारा कुठून यायचा, माणसं कुठे झोपायची, दूध कोण काढायचं, टेबलावरच्या सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं. विकली का नाहीत हे मात्र एकानेही विचारलं नाही.

संध्याकाळी मुलीने वासरं पुढे कुठे जातात ते विचारलं. आजोबांनी लपवलं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला आईपासून तोडतात, तेव्हा पाच-सहाशे पौंडाची असतात, लिलावात विकतात, मग पूर्वेकडच्या फीडलॉटमधे मका खाऊन वाढतात, मग कत्तलखाना. चांगल्या कालवडी घरी ठेवतात. गाय भाकड राहिली तर ती पण जाते. त्यांच्या लहानपणी वडील रेल्वेने गुरांबरोबरच ओमाहाला जायचे, गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून. ओमाहाचा गुरांचा बाजार १९५५ साली शिकागोला मागे टाकून जगात सगळ्यात मोठा झाला होता आणि १९९९ ला बंद झाला. साउथ ओमाहातली ती उंच लाल विटांची लाइव्हस्टॉक एक्स्चेंज बिल्डिंग तुम्ही बघितली असेल, तिच्यापर्यंत ही गाडी यायची. मी मांस खाणं न खाणं यावर इथे काही मत देत नाहीये. एवढं सांगते की ज्या घरात प्रत्येक गायीची वीस वर्षांची नोंद आहे त्या घराला जनावराची किंमत कळत नाही असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही.

रविवार

सकाळी घरचे चर्चला गेले आणि आम्ही उशिरा उठलो. दुपारी टँकिंग. हा खास इकडचा प्रकार, गुरांना पाणी प्यायचा तो गोल हौद असतो ना, नवा, तसाच नदीत सोडायचा, कडेने बसायला फळ्या टाकायच्या आणि प्रवाहाबरोबर जायचं. मेमोरियल डेपासून पुढे उन्हाळाभर कुटुंबं हेच करतात. आम्ही मिडल लूप नदीवर गेलो, वाळूतून झिरपलेल्या पाण्यावर वाहणारी नदी आहे ही, म्हणून पावसाळ्यात पूर नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही, पातळी जवळजवळ बारा महिने एकच. पाणी गार, उथळ, तळाची वाळू सतत हलणारी.

हौद सरळ जात नाही, गोल गोल फिरत जातो, त्यामुळे दर पाच मिनिटांनी वेगळी टेकडी समोर येते. लाइफ जॅकेट सगळ्यांना, दोन वल्ही, एक फक्त काठावरून ढकलायला. काही ठिकाणी कुंपणाची तार नदीवरून जाते तिथे खाली वाकायचं. वाळूच्या बेटावर उतरून सँडविच खाल्ले, मुलं पाण्यात आडवी झाली. कासवं, मोठा राखी बगळा, पुलाखाली भिंगऱ्यांची मातीची घरटी शेकड्यांनी. मैत्रीण सांगत होती की गोरे लोक आधी या टेकड्यांना वाळवंट समजून टाळायचे, आत शिरलेला परत येत नाही म्हणायचे. मग १८७० च्या दशकाच्या अखेरीस हरवलेली गुरं शोधायला काही काउबॉय आत गेले तर ती गुरं भर हिवाळ्यात धडधाकट, गुटगुटीत सापडली. अर्थात पॉनी आणि लाकोटा या इथल्या मूळ जमातींच्या लोकांना आणि रानगव्यांसारख्या त्या बायसनला हे गवत किती तरी आधीपासून माहीत होतं.

रात्री अंगणातला दिवा बंद केला. इथून उत्तरेला मेरिट रिझर्व्हॉयर आहे, आकाशदर्शनासाठी दरवर्षी उन्हाळ्यात मोठा मेळावा भरतो तिथे. आम्हाला अंगणातूनच आकाशगंगा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत दिसली, मुलाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

सोमवार

मेमोरियल डे. सकाळी सगळे गावाच्या स्मशानभूमीत. सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे, बाकीच्यांवर घरची फुलं. आजींनी डब्यांत भरून आणलेली फुलं मुलांच्या हातात दिली आणि कुठली कोणाची ते सांगत गेल्या, सासरे, दीर, शेजारची मैत्रीण. सासऱ्यांच्या तिथे १९४९ च्या हिमवादळाची गोष्ट निघाली, रस्ते आठवडेच्या आठवडे बंद आणि अडकलेल्या गुरांसाठी विमानातून गवताचे गठ्ठे टाकले होते.

परतीला हॉल्सीला थांबलो. या उघड्या टेकड्यांत मधेच जंगल लागतं, आणि ते सगळं माणसाने हाताने लावलेलं, सुमारे २०,००० एकर. चार्ल्स बेसी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा ध्यास होता, १९०२ साली प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टनी मंजुरी दिली, रोपवाटिका तेव्हापासून अजून चालू आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमधे इथे मोठी आग लागली, मुलांचा जुना कॅम्प जळाला आणि आग विझवायला आलेला एक स्वयंसेवक गेला. काळे बुंधे अजून उभे आहेत.

झाडे लावा झाडे जगवा ऐकत मोठी झालेली मी, मला हे जंगल बघून बरं वाटलं. पण निघताना आजोबा म्हणाले होते की तिथे जाल तेव्हा सीडर कुठे कुठे पसरलाय ते बघा. ईस्टर्न रेड सीडर, पक्षी बी नेतात, गवतात एक झाड उगवतं, दहा वर्षांत शंभर होतात आणि सावलीखाली गवत मरतं, पाणीही पितं. म्हणून रँचवाले आता वसंतात एकत्र येऊन ठरवून गवत जाळतात, तीसुद्धा सावडच. त्यांचा नातू पिकअपमधे नेहमी कात्री ठेवतो आणि फुटाएवढा सीडर दिसला तरी उतरून कापतो. हॉल्सीच्या पुढे हायवेवर आम्ही दोन्ही बाजूंना बघत आलो आणि एकदा बघायची नजर आली की टेकड्यांच्या घळींमधे ते गडद हिरवे ठिपके सगळीकडे दिसतात.

कोणाला जायचं असेल तर, काही रँच पाहुण्यांना पैसे घेऊन राहायला देतात. एप्रिलमधे पहाटे प्रेअरी चिकन पक्ष्यांचा नाच बघायला लपणात बसवतात, जुलै-ऑगस्टमधे गवतकापणी, नदी उन्हाळाभर. आमचं आता ऑक्टोबरचं ठरलंय, वासरं तोडायच्या वेळी. तारीख आधी सांगता येत नाही, भाव आणि हवा बघून भाऊ ट्रक बोलावणार आणि मग आम्हाला फोन करणार.